दुखवट्याची हिरवी साडी

डीटर, तुम्हाला अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बापूने दाढी केली. ओटीवर खुर्ची ओढली, खुंटीला आरसा अडकवला आणि गालाला साबण लावून रोजच्यासारखा निवांत बसला. मी आत दादासाठी चहा करत होते. आमच्या घरात माणूस गेलं की सुतक फिटेपर्यंत पुरुष दाढी करत नाहीत, हे तुम्हाला चांगलं माहीत होतं. काकू गेली तेव्हा तुम्हीही न सांगता दाढी वाढवली होतीत आणि शेजारची तारा कोळीण तुम्हाला म्हणाली होती, "काका, अगदी दर्ग्यातलं बाबा दिसताव." ती काकू म्हणजे या बापूची आई. तुम्ही त्याच्या आईसाठी दाढी वाढवलीत आणि तुमच्यासाठी त्याला चार दिवस थांबवेना. मला इतका राग आला की चहा उतू गेला.

वर मला म्हणाला, "सुमन, दूध जळल्याचा वास येतोय."

मी पातेलं खाली उतरवलं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ अनंत, मागच्या पडवीत सुपाऱ्यांच्या ढिगाशी बसला होता. सोलायला घेतलेली सुपारी हातात तशीच. समाचाराला येणारे त्याच्याजवळ जात, दोन मिनिटं थांबत आणि म्हणत, "तुमचे पाहुणे गेले, फार वाईट झालं. भला माणूस हो." मग कॉफी पिऊन जात. पाहुणे! दादा नोकरी संपवून बर्लिनहून नांदगावच्या वाडीत परतला तो तुम्हाला बरोबर घेऊनच. त्यानंतर व्हिसाचे दिवस भरले की तुम्ही तिकडे जायचात आणि पुढचा व्हिसा हातात पडला की परत यायचात. पंधरा वर्षं हे चाललं. पाहुणा कधी विहिरीचा गाळ काढतो का? पाहुण्याला कधी कोणत्या नारळाला कीड लागलीय हे घरमालकाआधी कळतं का?

आणि माझ्याकडे तरी तुम्हाला हाक मारायला काय होतं? भावाच्या बायकोला वहिनी म्हणतात. तुम्हाला मी नुसतं "अहो" म्हणत आले, जसं आपल्याकडे बायका नवऱ्याला म्हणतात. त्यावरून दादा मला चिडवायचा. तुम्ही मात्र मला पहिल्या दिवसापासून "सुमनबाय" केलंत, कारण तुमचं सगळं मराठी ताराच्या टोपलीशी बसून शिकलेलं. सहा फुटी गोरा म्हातारा, लुंगी गुंडाळून, "बाय, ह्ये बोंबील कालचं हाय, मी न्हाय घेनार," असं भांडायला लागला की बाजार थांबून ऐकायचा. आमच्या शुद्ध बोलणाऱ्या घराची तुम्ही पार वाट लावलीत, आणि मला ते फार आवडायचं.

तुमचं सगळंच गोड होतं असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. तुम्ही हट्टी होतात. एसटी दहा मिनिटं उशिरा आली तर कंडक्टरला घड्याळ दाखवायचात. बटाटा नुसता मिठात उकडून खायचात आणि आम्हालाही खायला लावायचात. वाडीत कुणी प्लास्टिकची पिशवी टाकली तर ती उचलून त्याच्या दारात नेऊन ठेवायचात. पण दादा आजारी पडला की हाच माणूस त्याच्या उशाशी बसून पेजेचा एकेक चमचा भरवायचा, आणि दादा माझ्या हातचीसुद्धा घ्यायचा नाही.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. जर्मनीचं एकीकरण हा माझा हातखंडा धडा. फळ्यावर रंगीत खडूंनी छोटी छोटी राज्यं काढायची आणि शेवटी सगळी एका रेषेत बांधायची. मुलं टाळ्या वाजवायची. एकदा तुम्हाला मोठ्या ऐटीत हे सांगितलं, तेव्हा तुम्ही कोयत्याने नारळ सोलत होतात. कोयता खाली ठेवलात आणि म्हणालात, "सुमनबाय, त्या रेघेत आमी पन बांधले गेलो, त्ये सांगतेस का पोरांना?"

मग सांगितलंत. दक्षिणेकडे बवेरियात पुरुषाने पुरुषावर प्रेम करणं हा गुन्हाच नव्हता. प्रशियात होता. देश एक झाला आणि प्रशियाचा कायदा सगळ्यांच्या गळ्यात पडला, कलम एकशे पंचाहत्तर. त्याच्या थोडं आधी म्युनिकमध्ये कायदेपंडितांच्या सभेत एक वकील उठून उभा राहिला होता. ज्यांनी कुणाचं काही वाकडं केलेलं नाही त्यांना तुरुंगात का टाकता, एवढंच त्याला विचारायचं होतं. सभेने ओरडून ओरडून त्याला खाली बसवलं. हे सांगताना तुमचा आवाज असा चढला की तो वकील तुमचा सख्खा मामा असावा. "येकटा व्हता," तुम्ही म्हणालात. "समोर सगलं कालं कोट. पन तोंडानं बोलला." पुढच्या वर्षी मी एकीकरण शिकवताना तो वकीलही शिकवला. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, हे पुस्तकात कुठे आहे? मी म्हटलं, पुस्तकात नाही, नांदगावात आहे.

तुमची स्वतःची गोष्ट तुम्ही फार उशिरा सांगितलीत, तीही दादा घरात नसताना. पश्चिम जर्मनीतलं छोटं गाव, छापखान्यातली उमेदवारी, वय विशीचं. तुमच्या एका मित्राला पोलिसांनी धरलं आणि त्याच्याकडून तुमचं नाव काढलं. छपाईचे खिळे जुळवत होतात तिथूनच उठवून नेलं. काही महिने तुरुंग, नोकरी गेली, आणि तुमच्या आईने शेजाऱ्यांना सांगितलं की मुलगा बोटीवर लागलाय. सुटून आल्यावरही ती तुम्हाला दार लावून घेऊन विचारायची, "समुद्र कसा असतो रे?", म्हणजे शेजाऱ्यांना काय सांगायचं ते तिला कळावं. तुम्ही तोवर समुद्र पाहिलासुद्धा नव्हता. हे सांगून तुम्ही हसलात आणि मला रडू फुटलं. तुम्ही म्हणालात, "रडू नको. आता दारातच हाय ना समुद्र."

आपलं खरं भांडण निराळंच होतं, आणि ते अर्धंच राहिलं.

मी म्हणायचे, अहो, इथे तुम्हाला कोण काय म्हणतं? सगळ्या गावाला कळतं आणि सगळं गाव सांभाळून घेतं. मग कशाला हवं प्रत्येक गोष्टीला नाव? कोर्टाने इथलं तीनशे सत्त्याहत्तर कलम ढिलं केलं तेव्हा तुम्ही दोघं टीव्हीसमोर हात धरून बसलात. मला आनंद झालाच, पण मनात हेही आलं की नांदगावात काय बदललं? काल तारा मासळी देत होती, उद्याही देईल.

तेव्हा तुम्ही बर्लिन काढलंत. पहिल्या महायुद्धानंतरचं, तुमच्या जन्माच्या आधीचं. तिथे तुमच्यासारख्यांचे नाचाचे हॉल होते, त्यांची मासिकं रस्त्यावरच्या टपरीवर लटकत होती, पोलीस पाहून न पाहिल्यासारखं करत होते. एका डॉक्टरने तर याच विषयाची मोठी संस्था काढली होती, पुस्तकांनी भरलेली, आणि कायदा रद्द करा म्हणून तो वर्षानुवर्षं मोठमोठ्या लोकांच्या सह्या गोळा करत होता. पुष्कळ जण त्याला म्हणायचे, डॉक्टर, आता कुणाला काही पडलेलं नाही, कशाला डोकं फोडता? कायदा आज निघेल, उद्या निघेल म्हणता म्हणता तसाच राहिला. मग सरकार बदललं. त्या संस्थेची पुस्तकं चौकात जाळली, कलम आणखी कडक केलं आणि ज्या पोलिसांनी डोळेझाक केली होती त्यांनीच दारं ठोठावली, कारण कोण कुठे राहतो हे त्यांना आधीच माहीत होतं.

"आमाला पन सांभालूनच घेतलं व्हतं, बाय," तुम्ही म्हणालात. "सांभालनाऱ्याचा हात कवा सुटंल, त्ये त्येच्या मर्जीवर."

मी म्हटलं, जर्मनी निराळी, कोकण निराळं. तुम्ही म्हणालात, मानूस सगलीकडं सारखाच. मी म्हटलं, तुम्ही फार घाबरता. तुम्ही म्हणालात, तू फार भोली. असं कितीतरी वर्षं चाललं. तुम्ही सुपारी सोलायचात, मी वेगळी करायचे, आणि दादा मधे बसून दोघांनाही चूप करायचा.

माझे यजमान गेले तेव्हा हे भांडण माझ्याच अंगावर आलं. आमच्याकडे दुखवटा असतो. बाईचा नवरा गेला की तेराव्याला तिच्या माहेरचे नवी साडी घेऊन येतात, ती तिच्या अंगावर घालतात आणि हाताला धरून तिला जेवायला बसवतात. तेवढ्याने ती परत चारचौघांत येते. माझं माहेर म्हणजे दादा आणि तुम्ही. दादा मुरुडात आमच्या घरी भटजींच्या मागे धावत होता, म्हणून साडी आणायचं काम तुमच्यावर आलं. तुम्ही बाजारात जाऊन कापडवाल्या शेठना सांगितलंत, "भयनीला साडी पायजे, चांगली." का ते सांगितलं नाहीत. शेठना वाटलं, घरात मंगलकार्य आहे. त्यांनी हिरवीगार, जरीच्या काठाची साडी दिली. ओलं नारळाचं झाप असतं ना, तसा रंग. आमच्यात हिरवं सवाष्णीचं. विधवेला मातकट, राखी, फार तर निळसर. तुम्ही ती साडी भरल्या घरात उलगडलीत आणि माझ्या नणंदांनी पदर तोंडाला लावला.

थोरली नणंद म्हणाली, "अहो, विधवेला हिरवं आणतात का कुणी? बदलून आणा."

तुमचे कान लाल झाले. मला वाटलं, आता माफी मागून परत बाजारात जाल. तुम्ही म्हणालात, "मला म्हाईत न्हवतं." मग साडीकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत. "आता म्हाईत झालं. पन बदलून न्हाय आननार. कुनी कुठला रंग घालायचा त्ये दुसऱ्यानं ठरवलं की मला भीती वाटते."

कुणाला काही कळलं नाही. मलाही नाही. पण मी हात पुढे केला आणि साडी घेतली, कारण त्या घरात माझ्यासाठी इतकं घाबरलेलं दुसरं कुणी नव्हतं.

त्या रंगाची गोष्ट पुढच्या आठवड्यात वाडीत सांगितलीत. हाइनर नावाचा तुमचा म्हातारा मित्र, बर्लिनमधला शिंपी. नाझींच्या छावणीत राहून आलेला. तिथे कैद्यांच्या छातीवर कापडी त्रिकोण शिवायचे, ज्याच्या त्याच्या गुन्ह्याप्रमाणे रंग, आणि हाइनरसारख्यांचा गुलाबी. युद्ध संपलं, बाकीचे सुटले ते सुटले. हाइनर सुटला आणि काही वर्षांनी त्याच कलमाखाली पुन्हा आत गेला, कारण नवीन सरकारने ते कलम नाझींनी कडक केलं होतं तसंच ठेवलं होतं. छळ झालेल्यांना नुकसानभरपाई मिळाली, त्यात यांना धरलंच नाही. तुमच्या पिढीने सत्तरच्या दशकात रस्त्यावर मोर्चे काढले तेव्हा तुम्ही पोरांनी तोच गुलाबी त्रिकोण छातीवर मिरवायचं ठरवलं. हाइनर तुमच्यावर भयंकर संतापला. मी तो शोभेसाठी घातला नव्हता, म्हणाला. महिनाभर बोलला नाही. मग एक दिवस तुमच्या खोलीवर आला, तुम्ही कात्रीने कसेबसे कापलेले त्रिकोण बघितले, आणि "शिवायचेच असतील तर नीट तरी शिवा" म्हणून सगळे घेऊन गेला. ते त्याने स्वतः शिवून दिले, दुहेरी टाक्यांनी. त्या मोर्चात दादा रस्त्याच्या कडेला उभा होता, रायगड जिल्ह्यातून इंजिनिअरिंगच्या शिक्षणाला गेलेला, थंडीने कुडकुडणारा. तुम्ही त्याला एक त्रिकोण दिलात. त्याने तो घेतला आणि खिशात ठेवला. छातीवर लावायला त्याला आणखी तीन वर्षं लागली, असं तुम्ही नेहमी सांगायचात आणि दादा नेहमी म्हणायचा, दोन.

तुमच्या सरकारने पुढे त्या जुन्या शिक्षा रद्द केल्या. अर्ज करणाऱ्याला तसा कागद मिळणार होता. तुम्ही अर्जच करेनात. "हाइनर गेला. त्येला न्हाय मिलाला, मला कशाला?" दादाने महिनोन्‌महिने विनवण्या केल्या. शेवटी तुम्ही केलात, आणि कागद आला तेव्हा तो घेऊन ओटीवर नुसते बसून राहिलात. ताराने विचारलं, "काका, काय आलंय?" तुम्ही म्हणालात, "मी बोटीवर न्हवतो गेलो, असं लिवलंय." ताराला काय कळणार? तिने तुम्हाला दोन सुरमया दिल्या आणि पैसे घेतले नाहीत.

तुमच्याकडे लग्नाचा कायदाही त्याच सुमारास झाला होता, आणि तुम्ही दोघांनी बर्लिनमध्ये जाऊन लग्न केलंत. इकडे मी, तारा आणि तिची सून फोनभोवती बसलो. त्या दिवशी मी ती हिरवी साडी पहिल्यांदा नेसले. पडद्यावर तुम्ही मला बघितलंत आणि भर कचेरीत ओरडलात, "सुमनबाय! हिरवी!" तिथल्या बाईला वाटलं, काहीतरी मंत्र असेल. बापू त्या वेळी ओटीवरून दोनदा गेला. आत आला नाही, पण दुसऱ्या वेळी जरा रेंगाळला. मी बघितलं.

ते लग्न मुंबई विमानतळावर उतरेपर्यंतच टिकलं. इथल्या कोर्टाने लग्नाचा प्रश्न संसदेकडे टोलवला, आणि तुम्ही पुन्हा टुरिस्टच्या व्हिसावर. तुम्ही म्हणालात, "बघ, बाय." मी म्हटलं, "बघते. पण कुणी काही म्हणतंय का?" डीटर, ते माझं शेवटचं वाक्य आपल्या भांडणातलं.

आता जे सांगायचं आहे ते तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही तिथेच होतात. छातीत कळ आली आणि दादाने तुम्हाला गाडीत घालून अलिबागला इस्पितळात नेलं. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, पेशंटचे कोण तुम्ही? ती बिचारी तिचं काम करत होती. दादा म्हणाला, "मित्र." तुम्ही स्ट्रेचरवर होतात, हातभर अंतरावर. डोळे उघडे होते. मग तुम्हाला आत नेलं आणि दादाला बाहेर थांबायला सांगितलं, आणि तुम्ही बाहेर आला नाहीत.

हे दादाने मला स्मशानातून परतताना सांगितलं. "त्याने ऐकलं, सुमे," एवढंच म्हणाला. "चाळीसच्या वर वर्षं झाली आणि शेवटी त्याने माझ्याकडून काय ऐकलं?" त्यानंतर तो बोललाच नाही. दहनासाठी दूतावासाचा कागद येईपर्यंत कामापुरतं तरी बोलत होता, आता कागदाचंही काम उरलं नव्हतं. भात चिवडायचा, उठून पडवीत बसायचा. रडलाही नाही. मला त्याची भीती वाटायला लागली. तुम्ही असतात तर त्याला कसं बोलतं करायचं ते मला सांगितलं असतंत.

आणि ओटीवर बापूची दाढी.

त्याचं म्हणणं तुम्हाला सांगते, त्याच्यावर अन्याय नको. त्याच्या नातीचं लग्न ठरलंय. बाराव्या दिवशी मुहूर्तमेढ रोवायची होती, बांबू आणून भिंतीला टेकवूनही ठेवला होता. तेराव्यापर्यंत सुतक धरलं तर मुहूर्तमेढ पुढे जाणार, रोह्याच्या व्याह्यांना कळवावं लागणार. तो म्हणाला, "सुमन, मला काय वाईट वाटत नाही का? माझ्या पंपाची मोटर त्यानेच दुरुस्त केलेली. पण सुतक रक्ताचं असतं, नाहीतर सोयऱ्याचं. व्याह्यांनी विचारलं, कोणाचं सुतक, तर मी काय सांगू?"

त्याची सून मसाला कुटत होती. मुसळ वर गेलेलं.

मी आयुष्यभर म्हणत आले होते की नाव कशाला हवं. पण इथे त्या एका नावावाचून तुमचं मरण घराबाहेर उभं होतं आणि दादा पडवीत. मी म्हटलं, "दादाचा नवरा गेलाय, बापू. तेच सांग."

मुसळ खाली आलंच नाही. बापू माझ्याकडे बघत राहिला, जसा लहानपणी मी त्याची विटी विहिरीत टाकली तेव्हा बघत होता. मग उठून आत गेला. मी ओटीचा खांब धरून उभी राहिले. त्या वकिलासमोर एवढी मोठी सभा होती, माझ्यासमोर फक्त एक चुलत भाऊ आणि त्याची सून, तरी माझी ही गत. तेव्हा मला तो वकील कळला, आणि तुम्हीही कळलात, शाळेत शिकवून कळला नव्हतात तेवढे.

मग मी दादाकडे गेले. त्याच्यासमोर बसले आणि विचारलं, "दादा, तुझा दुखवटा मी आणणार. कापड कुठल्या रंगाचं आणू?"

त्याने हातातली सुपारी ढिगात टाकली. मी उठायला लागले तेव्हा म्हणाला, "गुलाबी. आणि नीट शिवलेलं आण."

मुरुडच्या बाजारात त्याच शेठकडे गेले. आता दुकानात त्यांचा मुलगा बसतो. या वेळी मी आधीच सांगितलं, दुखवट्याचं आहे, भावासाठी, गुलाबी. तो म्हणाला, "काकी, दुखवट्याला पांढरा शर्ट नेतात." मी म्हटलं, "माहीत आहे." शर्ट शिंप्याकडे नेऊन दुहेरी शिवण घालून घेतली.

तेराव्याला मी हिरवी साडी नेसून नांदगावला आले. बांबू अजून भिंतीलाच टेकलेला होता. मुहूर्तमेढ झाली नव्हती. बापू ओटीवर होता आणि त्याच्या गालावर पांढरे खुंट वाढलेले होते. त्या दिवसापासून त्याने दाढी केली नव्हती. त्याने मला काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आम्ही दोघं एकाच घरातले, तुम्ही ओळखता.

दादाला पाटावर बसवलं. जुना सदरा काढून मी गुलाबी शर्ट त्याच्या अंगात घातला, लहान मुलाला घालतात तसे हात धरून. तारा नवी टोपी घेऊन आली होती. "ह्यो आमचा दुखवटा," म्हणाली. "काका माज्याशी रोज भांडायचा. आता कुनाशी भांडू?" आणि तिने सरळ मोठ्याने रडायला सुरुवात केली, बायका नवरा गेलेल्या बाईजवळ रडतात तशी. दादा तिच्याकडे बघत राहिला. मग बापू आत गेला आणि लग्नाच्या आहेरासाठी आणलेला कोरा टॉवेल घेऊन आला, दादाच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "चल, पान वाढलंय."

तेवढ्यात रोह्याचे व्याही आले. मुहूर्तमेढ लांबली तेव्हा कुणी गेलं असणार, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि ते रीतीने भेटायला आले होते. टोपी काढून ओटीवर बसले, आणि जे बापूला नको होतं तेच त्यांनी विचारलं. "कोण गेलं म्हणायचं?"

बापूने घसा खाकरला. "आमच्या अनंताचे," म्हणाला आणि थांबला. "म्हणजे, पुष्कळ वर्षं इथेच होते. घरातलेच." तो प्रयत्न करत होता हो. घामाघूम झाला होता. मी तोंड उघडणार होते.

दादा पाटावरून म्हणाला, "माझा नवरा गेला."

आवाज फार मोठा नव्हता, पण ओटीवर सगळ्यांना ऐकू गेला, तुम्हालाही जावा. "डीटर त्याचं नाव. माझा नवरा होता." आणि मग तो रडला, डीटर. इतक्या दिवसांचं सगळं, त्या खिडकीपासूनचं. टॉवेल तोंडाला लावून, खांदे हलवत रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि नवा शर्ट माझ्या हाताखाली भिजत गेला.

व्याही गोंधळले. बापूकडे बघितलं, माझ्या साडीकडे बघितलं. उठून जातील असं मला वाटलं. ते उठलेच, पण दादाजवळ आले, वाकले आणि अशा वेळी जे विचारतात तेच त्यांनी विचारलं. "शेवटी फार त्रास झाला का हो त्यांना?"

दादा म्हणाला, "नाही. पटकन गेला." आणि मग, कुणी न विचारता, तुमच्याबद्दल सांगायला लागला. बर्लिनची थंडी, मोर्चा, हाइनर, तो त्रिकोण. छातीवर लावायला दोन वर्षं लागली, म्हणाला. मी म्हटलं, तीन. आता तुमची बाजू मलाच घ्यायला हवी.

तुम्ही म्हणाल, बाय, टॉवेलाने कायदा बदलत न्हाय. नाही बदलत. अलिबागच्या त्या खिडकीवर उद्या दुसरं कुणी उभं राहील आणि त्यालाही तेच विचारतील. या भांडणात तुमचं बरोबर होतं, हे मी ओटीवर सगळ्यांसमोर कबूल करते. पान वाढलेलं होतं. दादा व्याह्यांशी बोलत बोलत जेवला, दोनदा भात घेतला, आणि उकडलेला बटाटासुद्धा खाल्ला, नुसत्या मिठातला. तो तुमच्यासाठी मी केला होता.